वहिवाटीचा रस्ता

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात थोडा वेळ बसले, तर हातात सातबारा आणि गटाचा नकाशा घेतलेले दोन शेजारी हमखास भेटतात. एकाचे शेत आतल्या अंगाला असते. त्याला रस्त्यावर यायचे तर दुसऱ्याच्या बांधावरून यावे लागते. आतला म्हणतो, "आज्याच्या वेळेपासून आमची बैलगाडी याच बांधावरून जाते." बाहेरचा म्हणतो, "गाडी गेली, नाही म्हणत नाही. पण ट्रॅक्टर आणि पोकलेन कधी नेले का? नेले असतील तर मला विचारून नेले." मग १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ निघते, तहसीलदार पाहणीला येतात, पंचनामा होतो. भांडण जमिनीच्या मालकीचे नसते. आतल्या शेताचा मालक कोण आणि बांधाचा मालक कोण, हे दोघांनाही मान्य असते. प्रश्न वहिवाटीचा असतो. कोण, कशावरून, कशासाठी आणि कोणाच्या परवानगीने जात आला?

हेच भांडण १९५५ साली दोन देशांमध्ये झाले आणि ते नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेले. वादी होता पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. आतले शेत म्हणजे दादरा आणि नगर हवेली, आणि बांध म्हणजे दमणपासून तिथपर्यंतचा भारताचा मुलूख. पुराव्याला पुण्याच्या पेशवे दरबाराने केलेला एक तह आणि दिलेल्या दोन सनदा होत्या. राज्य, सत्ता, सार्वभौमत्व, मान्यता हे शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि पुढे जातो. त्या शब्दांच्या पोटात काय आहे ते दिसायला हा खटला फार उपयोगी पडतो, म्हणून या प्रकरणात आपण तोच उलगडणार आहोत.

बारा हजारांचा महसूल

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातले पोर्तुगीजांचे राज्य संपले. त्यांच्याकडे उरले ते मुख्यतः गोवा, दमण आणि दीव. पुढे चाळीस वर्षांनी चित्र पालटले. पुणे दरबाराचे इंग्रजांशी युद्ध सुरू झाले होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज शरण आली खरी, पण ईस्ट इंडिया कंपनीने तिथला करार नाकारला आणि लढाई पुढे चालू राहिली. अशा वेळी किनाऱ्यावरचा पोर्तुगीज निदान इंग्रजांना मिळू नये, ही पुण्याची गरज होती. मराठ्यांच्या आरमाराने काही वर्षांपूर्वी पोर्तुगीजांचे सांताना नावाचे जहाज पकडले होते. त्याच्या भरपाईचे घोंगडेही भिजत पडले होते. डिसेंबर १७७९ मध्ये पुण्याचा तह ठरला. त्याच्या सतराव्या कलमात पोर्तुगीजांना दमणच्या बाजूला वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे लावून देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावे प्रत्यक्ष लावून दिली. आज दादरा आणि नगर हवेली म्हणून जी ७२ गावे आपण ओळखतो, त्यांच्या वेगळेपणाची सुरुवात या बारा हजारांत आहे.

आता प्रश्न असा की पेशव्यांनी नेमके दिले काय? गावे दिली की गावांचा महसूल दिला? वरवर पाहता फरक बारीक वाटतो, पण राज्यशास्त्राचा पाया याच फरकावर उभा आहे.

मराठी मुलखात सरंजाम हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता. एखाद्या सरदाराने फौज बाळगावी म्हणून त्याला काही गावांचा वसूल लावून देत. सरदार वसूल घेई, तिथे त्याचा अंमलही चाले, पण गाव राज्याचेच राही. चाकरी संपली, मर्जी फिरली, तर सरंजाम जप्त होई. सरंजामदाराला कोणी राजा म्हणत नसे. गावाचा पाटील होता, कुलकर्णी होता, देशमुख होता, त्यांचे हक्क वेगळे होते. एकाच जमिनीवर पाचसहा जणांचे वेगवेगळे हक्क एकावर एक रचलेले असत. या उतरंडीत सर्वांत वरचा हक्क, म्हणजे इतर सगळे हक्क देण्याचा आणि काढून घेण्याचा हक्क, ज्याच्याकडे असतो त्याला आपण आजच्या भाषेत सार्वभौम म्हणतो. कर घेणे म्हणजे सार्वभौमत्व नसते. कर कोणी घ्यावा हे ठरवणे म्हणजे सार्वभौमत्व.

पुणे दरबाराला हा फरक नीट माहीत होता. जिथे मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तिथे मराठ्यांच्या तहांत तसे स्पष्ट शब्द पडत. या सनदांमध्ये ते नव्हते. पावणेदोनशे वर्षांनंतर हेगच्या न्यायाधीशांनी तहाच्या आणि सनदांच्या वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून हेच म्हटले. पेशव्यांनी दिली ती जहागीर किंवा सरंजाम होता, महसुलाचा हक्क होता, आणि असे दान म्हणजे सार्वभौमत्वाचे हस्तांतर असे मानल्याचे एकही उदाहरण कोणी दाखवू शकले नाही. सरंजाम हा आपला शब्द आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालपत्रात तसाच्या तसा आहे. आपल्या कारकुनांनी शब्द तोलून वापरले होते आणि त्याची किंमत इतक्या काळानंतर कळली, हे वाचताना मला त्या अनाम लेखण्यांविषयी मनापासून आदर वाटतो.

पुण्यात राज्य कोणाचे होते?

तह पेशव्यांच्या नावाने झाला. पण त्या वर्षी पेशवे म्हणजे सवाई माधवराव, जेमतेम साडेपाच वर्षांचे मूल. कारभार नाना फडणविसांच्या हातात होता. पेशवेपदाची वस्त्रे यायची साताऱ्याहून, छत्रपतींकडून, आणि साताऱ्याच्या गादीवर होते धाकटे शाहू महाराज. त्यांच्याकडे फौज नव्हती, खजिना नव्हता, तरीही त्यांच्या वस्त्रांशिवाय पेशवा पेशवा होत नसे. मैदानात तलवार होती ती महादजी शिंदे, तुकोजी होळकर अशा सरदारांच्या हातात.

मग सत्ता कोणाची? इथे तीन शब्द वेगळे करून ठेवले पाहिजेत. पहिला शब्द बळ. समोरच्याला त्याच्या मनाविरुद्ध वागायला लावण्याची ताकद म्हणजे बळ. ते सरदारांकडे होते. दुसरा शब्द अधिकार, म्हणजे एखाद्या पदामुळे आज्ञा देण्याचा मिळालेला हक्क. तो पेशवेपदाकडे होता, पदावरचे माणूस पाच वर्षांचे असले तरी. तिसरा शब्द अधिमान्यता. ही आज्ञा पाळणे योग्य आहे असे लोकांना आतून वाटणे, याला अधिमान्यता म्हणतात. तिचा झरा साताऱ्याला होता, आणि त्याचा उगम शंभर वर्षे मागे, ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेल्या राज्याभिषेकात होता. त्या दिवसाआधीही शिवाजी महाराजांकडे किल्ले होते, फौज होती, वसूल होता. पण बादशाही जगाच्या नजरेत ते एका जहागीरदाराचे पुत्र होते. सिंहासन, छत्र, नवा शक आणि स्वतःचे नाणे यांनी त्या बळाला अधिकाराचे रूप दिले. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या सोहळ्याला हजर होता आणि त्याच्याशी तहाची बोलणीही झाली. बाहेरच्याने येऊन नजराणा द्यावा आणि करार करावा, हाही राज्य असण्याचा एक पुरावाच होता.

जर्मन विचारवंत माक्स वेबर यांनी १९१९ साली राज्याची जी व्याख्या मांडली ती आजही शिकवली जाते. ठरलेल्या भूभागात बळ वापरण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे, हा दावा जी संस्था यशस्वीपणे करते ते राज्य, असा तिचा आशय आहे. त्यात एक विशेषण महत्त्वाचे आहे, ते म्हणजे अधिमान्य. दरोडेखोरही बळ वापरतो आणि वसूल घेतो. फरक एवढाच की त्याने नेलेले परत मिळावे म्हणून आपण फिर्याद देतो, आणि राज्याने घेतलेल्याची पावती जपून ठेवतो.

शेजारी बदलला

सार्वभौमत्व एका फटक्यात जातेच असे नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह केला. गादी राहिली, शनिवारवाडा राहिला, वसूल राहिला. फक्त कंपनीची किमान सहा हजारांची तैनाती फौज आपल्या मुलखात ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि इतर सत्तांशी कंपनीला विचारल्यावाचून बोलायचे नाही, हे कबूल केले. या शेवटच्या कलमाने खरा घाव घातला. शेजाऱ्याशी स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा हक्क गेला की राज्याचे घर उभे दिसते, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा पुष्कळांना तो शेवट वाटला. शेवटाची सुरुवात सोळा वर्षे आधी, एका सहीने झाली होती.

दमणच्या अंगाला या बदलाचा वेगळाच परिणाम झाला. गावे सरंजाम म्हणून देणारा धनीच नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेल्या इंग्रजांनी जुन्या सनदा उकरून काढल्या नाहीत. पोर्तुगीज त्या गावांत सार्वभौम राजासारखे वागत राहिले आणि इंग्रज ते पाहत राहिले. कोणी हरकत घेतली नाही. बाजूच्या मुलखावर इंग्रजांचे राज्य आणि मध्ये पोर्तुगीजांची बेटे, अशी स्थिती वर्षानुवर्षे टिकली. सरंजामदार हळूहळू मालक झाला.

शेतीत आपण हे पाहतोच. कूळ म्हणून आलेला माणूस दोन पिढ्या कसत राहतो, धनी गावात नसतो, कोणी हटकत नाही, आणि एक दिवस उताऱ्यावर त्याचे नाव दिसते. देशांच्या व्यवहारातही मौन ही संमती ठरू शकते. म्हणूनच सरकारे बारीकसारीक गोष्टींवर निषेधाचे खलिते पाठवत असतात. आपल्याला वाटते, नुसत्या कागदाने काय होणार? पण आज नोंदवलेली हरकत पन्नास वर्षांनी पुरावा होते, आणि न नोंदवलेली हरकत समोरच्याचा पुरावा होते.

या काळात येण्याजाण्याची एक रीतही पडली. साधी माणसे, मुलकी अधिकारी, व्यापारी माल दमणहून नगर हवेलीत आणि तिथून परत मोकळेपणी जात असे. पण हत्यारी शिपाई, पोलीस आणि दारूगोळा न्यायचा तर इंग्रजांची परवानगी लागे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातही एकमेकांच्या हद्दीत सशस्त्र दल नेण्यावर बंधन घातलेले होते. बैलगाडी हक्काने, ट्रॅक्टर विचारून.

१९५४ चा पावसाळा

१९४७ नंतर भारतातल्या वसाहती सोडण्याबाबत फ्रान्सशी बोलणी होऊ शकली, पोर्तुगालशी झाली नाहीत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींचे नाव बदलून त्यांना सागरापलीकडचे प्रांत केले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, मग बोलणी कशाची, अशी ती भूमिका होती. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली.

पुढचे पाऊल सरकारने नाही, कार्यकर्त्यांनी उचलले. २२ जुलै १९५४ च्या सुमारास युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या तरुणांनी दादरा घेतले. तिथल्या चकमकीत पोर्तुगीज पोलीस चौकीतला अंमलदार मारला गेला. त्यानंतर आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, गोवन पीपल्स पार्टीचे कार्यकर्ते अशा वेगवेगळ्या विचारांच्या तुकड्या नगर हवेलीत शिरल्या. पुण्यामुंबईकडून गेलेल्यांमध्ये राजा वाकणकर होते, संगीतकार सुधीर फडके होते, पुढे शिवशाहीर म्हणून ओळखले गेलेले बाबासाहेब पुरंदरे होते. ऐन पावसात, चिखल तुडवत, तुटपुंज्या शस्त्रांनिशी ही मंडळी २ ऑगस्टला नगर हवेलीचे मुख्य ठाणे असलेल्या सिल्वासाला पोहोचली. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन आतल्या भागात निघून गेला आणि काही दिवसांनी भारतीय पोलिसांना शरण आला.

पोर्तुगालला दमणहून कुमक पाठवायची होती. मध्ये भारताचा बांध होता. भारताने वाट बंद केली. एवढ्याने तीन हजार कोसांवरच्या साम्राज्याचा तो तुकडा गळून पडला. भूगोल हाही सत्तेचा एक घटक असतो, तो असा.

सात वर्षांचे राज्य

यानंतर जे घडले ते राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने कल्पून लिहावे असे आहे. पोर्तुगीज गेले, पण भारताने हा भाग लगेच आपल्यात घेतला नाही. सशस्त्र चढाई करून मुलूख घेतला असा आरोप जगात होऊ नये, याची दिल्लीला काळजी होती. त्यामुळे २ ऑगस्ट १९५४ ते ११ ऑगस्ट १९६१ अशी सात वर्षे दादरा आणि नगर हवेलीचा कारभार तिथल्या मुक्त प्रशासनाने चालवला. वरिष्ठ पंचायत नावाची लोकांची सभा त्याला सल्ला देई. टपाल चालू ठेवायचे तर तिकिटे हवीत. हाताशी होती ती पोर्तुगीज इंडियाची उरलेली तिकिटे. त्यांच्यावरच लिबरेटेड एरियाज असा ठसा उमटवला. ते तिकीट डोळ्यांसमोर आणून पाहा. खाली जुन्या साम्राज्याचे नाव छापलेले, त्यावर नवे शब्द. सत्तांतर इतक्या लहानशा कागदावर इतके स्पष्ट क्वचितच दिसते.

हे राज्य होते का? १९३३ साली उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे झालेल्या करारात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत. कायम राहणारी लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, सरकार, आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. ताडून पाहू. लोकसंख्या होती. वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासी समाजांची वस्ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. भूप्रदेश होता. सरकार होते, ते वसूल घेत होते, न्याय देत होते, रस्ते बघत होते. चौथे लक्षण मात्र नव्हते. जगातल्या एकाही देशाने त्याला राज्य म्हणून मान्यता दिली नव्हती, आणि त्यालाही स्वतंत्र राहायचे नव्हते. भारतात विलीन व्हायचे होते. वसईच्या तहानंतर पेशव्यांकडे पहिली तीन होती आणि चौथे गेले होते. इथे पहिली तीन आली होती आणि चौथे यायचे होते.

प्रत्यक्षातली सत्ता आणि कायद्यातली सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लख्ख दिसते. प्रत्यक्षात सिल्वासात पंचायत होती. लिस्बनच्या नकाशात तिथे पोर्तुगाल होता. आपल्याकडे याला कबजा एकाचा, उतारा दुसऱ्याचा असे म्हणतात. आजही जगात असे प्रदेश आहेत, ज्यांच्याकडे झेंडा आहे, सैन्य आहे, नाणे आहे, पण पुष्कळ देश त्यांना ओळखतच नाहीत. तैवान हे त्यातले सर्वांत मोठे उदाहरण. तिथे सरकार आहे, निवडणुका होतात, जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये त्याची गणना होते, पण संयुक्त राष्ट्रसंघात त्याला खुर्ची नाही.

हेगचा निकाल

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे पत्र दिले आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा लावला. इथे एक मूलभूत गोष्ट समजून घेतली पाहिजे. तहसीलदाराची नोटीस आली की शेजाऱ्याला जावेच लागते. आंतरराष्ट्रीय न्यायालय मात्र कोणत्याही देशाला त्याच्या संमतीशिवाय कोर्टात उभे करू शकत नाही. भारताने ही संमती १९४० साली, म्हणजे इंग्रजी अमलात, दिलेली होती आणि ती स्वातंत्र्यानंतरही चालू होती. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. १९५७ मध्ये न्यायालयाने चार फेटाळल्या, दोन मूळ दाव्यासोबत ऐकायचे ठरवले. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारताने नेमलेले तात्पुरते न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महम्मद करीम छागला.

निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. तो तीन पायऱ्यांचा आहे.

पहिली पायरी इतिहासाची. मराठ्यांच्या काळात ही गावे पोर्तुगालची नव्हती, तो सरंजाम होता. पण इंग्रज आल्यावर त्यांनी प्रत्यक्ष वागण्यातून पोर्तुगालचे सार्वभौमत्व मानले आणि स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे मानले होते. म्हणून १९५४ पर्यंत गावे पोर्तुगालचीच होती.

दुसरी पायरी वहिवाटीची. सव्वाशे वर्षे साधी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल बिनअडथळा जात होता, तेव्हा ती वाट हक्काची झाली होती. हे न्यायाधीशांनी ११ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. भारताचे म्हणणे असे होते की रूढी फक्त दोनच देशांमध्ये कशी असू शकेल? न्यायालयाने ते मानले नाही. दोन देश दीर्घ काळ एका रीतीने वागले तर त्या दोघांपुरती ती कायद्याइतकीच बंधनकारक होऊ शकते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही याच मुद्द्यासाठी शिकवला जातो. मात्र हत्यारी दलांना ही वाट कधीच हक्काची नव्हती, ती नेहमी परवानगीची होती. हे ८ विरुद्ध ७ अशा एका मताच्या फरकाने ठरले.

तिसरी पायरी १९५४ ची. दादरा पडल्यावर सीमेवर तणाव होता, त्या परिस्थितीत वाट थांबवणे हा भारताच्या देखरेखीच्या अधिकारातला भाग होता. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी सांगितले.

पोर्तुगालला तत्त्व मिळाले, भारताला वाट मिळाली. तहसील कचेरीतल्या त्या दोघांना ही वाटणी चटकन कळेल.

वर तहसीलदार नाही

या निकालाने सिल्वासात काही बदलले नाही. पोर्तुगालची गाडी परत कधी त्या बांधावरून गेली नाही, कारण आत त्याचे राज्य उरलेच नव्हते. आंतरराष्ट्रीय संबंधांचे मूळ वैशिष्ट्य इथे आहे. देशाच्या आत नागरिकांवर सरकार असते. देशांच्या वर मात्र सरकार नाही. संयुक्त राष्ट्रसंघ हे सरकार नाही, ती एक चावडी आहे, आणि त्या चावडीत पाच जणांना नकाराधिकार आहे.

वरिष्ठ पंचायतीने जून १९६१ मध्ये विलीनीकरणाचा ठराव एकमताने केला. सही करायला मात्र त्या भागाचा कोणी प्रमुख हवा होता. के. जी. बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथल्या सरकारचा प्रमुख नेमून भारताच्या पंतप्रधानांशी करार करवून घेतला गेला, असे सांगतात. घटनेतली ही रीत क्षुल्लक वाटू शकते, पण तिच्यामागे गंभीर विचार होता. आम्ही घेतले नाही, तुम्ही आलात, हे कागदावर यायला हवे होते. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाले.

त्याच वर्षी डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेला साडेचारशे वर्षांचे पोर्तुगीज राज्य संपले. चावडीतला नकाराधिकार तेव्हा दिसला. १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आणला. बाजूने सात, विरोधात चार मते पडली. विरोधात सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक होते, आणि चौथा होता सोव्हिएत संघ. त्याचा नकाराधिकार पडला आणि ठराव तिथेच संपला. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सभासद होता, पण नाटोच्या फौजा मांडवीच्या काठी आल्या नाहीत. देश एकमेकांशी मैत्रीच्या गोष्टी करतात, पण संकटात किती पुढे यायचे ते आपापल्या हिताचा हिशेब करूनच ठरवतात. १७७९ मध्ये नाना फडणविसांनी पोर्तुगीजांना बारा हजार लावून दिले, तोही असाच हिशेब होता.

उतारा मात्र अजून बदलायचा होता. पोर्तुगालने तेरा वर्षे हा बदल मानला नाही. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही उलटली, नवे सरकार आले, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. वसईच्या तहाचीही तारीख तीच होती, ३१ डिसेंबर. एका ३१ डिसेंबरला पुण्याने स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा हक्क गमावला होता, आणि दुसऱ्या ३१ डिसेंबरला दिल्लीने तो हक्क पुरेपूर वापरला.

पंच कोण?

या कथेत तह झाले, सनदा दिल्या, निकाल लागले, ठरावांवर मते पडली. एक गोष्ट मात्र दीर्घ काळ घडली नाही. दमणगंगेच्या काठी नागली पेरणाऱ्या वारल्याला कोणी विचारले नाही की तुला कोणाच्या राज्यात राहायचे आहे. पुणे दरबाराने त्याच्या घामाचा वसूल पोर्तुगीजांना लावून दिला, इंग्रजांनी मौन धरले, लिस्बनने त्याचे गाव सागरापलीकडचा प्रांत ठरवला. प्रत्येक वेळी तो त्या हिशेबातला एक आकडा होता. हेगच्या निकालात सार्वभौमत्वाचा विचार आहे, वहिवाटीचा आहे, तणावाचा आहे. त्याचे मत काय, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे आलाच नव्हता.

वरिष्ठ पंचायतीचे महत्त्व मला म्हणून वाटते. ती परिपूर्ण लोकशाही होती असे मी म्हणत नाही. पण या ७२ गावांच्या इतिहासात राज्य कोणाचे असावे याचा ठराव त्याच मातीवर बसून, हात वर करून झाला तो तिथे. माक्स वेबरच्या व्याख्येतले अधिमान्य हे विशेषण त्या दिवशी पुस्तकातून उतरून गावात आले.

रस्त्याचा वाद निकाली काढायला अधिकारी शेतावर येतो तेव्हा तो नुसता नकाशा पाहून परत जात नाही. आजूबाजूच्या लोकांना बोलावतो, बांधावर उभे करतो आणि विचारतो, इथून कोण जात होते? त्यांच्या सह्या आणि अंगठे पंचनाम्याखाली येतात, मगच तो कागद धड होतो. राज्याच्या कागदालाही दोन प्रकारचे पंच लागतात. बाहेरचे पंच म्हणजे इतर देश, त्यांच्या सहीला आपण मान्यता म्हणतो. आतले पंच म्हणजे तिथे राहणारी माणसे, त्यांच्या सहीला अधिमान्यता म्हणतो. वर्तमानपत्रात उद्या कुठल्याही देशाच्या सीमेची, सत्तांतराची किंवा युद्धाची बातमी वाचाल, तेव्हा त्या पंचनाम्याखाली कोणाकोणाचे अंगठे आहेत ते पाहा, आणि सर्वांत आधी त्या जमिनीवर राहणाऱ्याचा अंगठा शोधा.